मार्गारेट वेड आणि बंद पडलेली चाळीस वर्षं

व्यासपीठावरचे मान्यवर आणि समोर बसलेल्या क्रीडाशिक्षक बंधू-भगिनींनो, कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मुलींच्या खेळात महिला प्रशिक्षकाचं स्थान' असा विषय छापला आहे. त्यावर मला तीन मुद्दे मांडायचे आहेत आणि ते मांडल्याशिवाय मी खाली बसणार नाही. पण ते मुद्दे ज्या बाईंच्या आयुष्याकडे बघून सुचले, त्यांची ओळख आधी करून देते.

त्यांचं नाव मार्गारेट वेड. हसलात? हसून घ्या. आडनावच तसं आहे, त्याला माझा इलाज नाही. मी त्यांना मार्गारेटबाईच म्हणणार आहे.

आधी एक विचारते. इथे शाळेत बास्केटबॉल शिकवलेले किती जण आहेत? बरेच आहेत. आणि पावसाळ्यात कोर्टवर पाणी साचलं म्हणून त्याच तासाला वर्गात कॅरम शिकवलेले? आता सगळेच हात वर आले. बरं झालं, म्हणजे मला कोर्ट, रिंग, रिबाउंड हे शब्द समजावून सांगायला नकोत.

मार्गारेटबाई जन्मल्या १९१२ च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी राज्यात, मॅकूल नावाच्या छोट्या गावी. मिसिसिपीचा पश्चिम भाग म्हणजे डेल्टा. सपाट, गाळाची, काळी जमीन आणि नजर जाईल तिथवर कापूस. आपल्या यवतमाळ-अमरावतीच्या मंडळींना ती जमीन लगेच ओळखता येईल. या डेल्टात क्लीव्हलँड नावाचं गाव आहे (ओहायोतलं मोठं क्लीव्हलँड वेगळं) आणि तिथे १९२५ मध्ये शिक्षक घडवणारं एक कॉलेज सुरू झालं, डेल्टा स्टेट. मार्गारेट तिथे शिकायला गेली आणि बास्केटबॉल खेळू लागली. फॉरवर्डला खेळायची, संघाची कर्णधार झाली. संघ चांगला होता, सामने जिंकत होता, बाहेरगावी जात होता. पदवीचं शेवटचं वर्ष तोंडावर आलं आणि कॉलेजने मुलींचा संघ बंद करून टाकला.

कारण काय दिलं? हा खेळ तरुण मुलींना झेपणारा नाही, फार दमवणारा आहे. मुलींना कोणी विचारलं नाही. ज्या मुली तीन वर्षं हा खेळ खेळत होत्या, जिंकत होत्या, त्यांनाच तो झेपत नाही असं कळवण्यात आलं.

त्या मुलींनी काय केलं? त्या रडल्या आणि त्यांनी आपले खेळाचे युनिफॉर्म जाळले. पुढे कितीतरी वर्षांनी मार्गारेटबाईंनीच हे सांगितलं, आणि आमच्या हातात दुसरं काहीच नव्हतं, असंही सांगितलं. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढचं पान उलटायला मला वेळ लागला. मोर्चा नाही, निवेदन नाही. १९३० च्या दशकातल्या मिसिसिपीत एखाद्या मुलीने निवेदन द्यायचं तरी कुणाला? कपडे होते, ते जाळले.

इथे थोडं थांबते, कारण हे कशातून आलं ते समजून घेतलं नाही तर आपण नुसतं 'जुने लोक मागासलेले' म्हणून मोकळे होतो. नेस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला १८९१ च्या डिसेंबरात हा खेळ काढला, पीचच्या टोपल्या टांगून, तेरा नियम लिहून. हे आपण सगळे शिकवतो. आपण शिकवत नाही ती गोष्ट अशी की काही महिन्यांतच तो मुलींपर्यंत पोचला होता. जवळच्याच नॉर्थॅम्प्टनमध्ये स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शारीरिक शिक्षणाच्या बाईंनी १८९२ मध्ये तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवायला घेतला. १८९३ च्या मार्चमध्ये दोन वर्गांमध्ये सामना झाला आणि तो बघायला पुरुषांना मज्जाव होता. म्हणजे मुलींचा बास्केटबॉल जवळजवळ खेळाच्याच वयाचा आहे. 'आता कुठे मुली खेळायला लागल्या' हे वाक्य मी प्रत्येक पारितोषिक वितरणात ऐकते, आणि ते खोटं आहे.

पण बेरेन्सनबाईंनी नियम बदलले. कोर्टचे तीन भाग पाडले आणि प्रत्येक खेळाडूने आपल्या भागाबाहेर जायचं नाही असं ठरवलं. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही. तीन सेकंदांहून जास्त धरायचा नाही. तीनपेक्षा जास्त ड्रिबल नाहीत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलींनी अजिबात पळू नये म्हणणाऱ्यांच्या काळात त्या मुलींना खेळवत होत्या, आणि खेळ चालू राहावा म्हणून त्याला आवर घालत होत्या. पुढे तीन भागांचे दोन झाले. सहा-सहा मुलींचे संघ, तिघी फक्त बास्केट टाकणार, तिघी फक्त अडवणार, मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. अमेरिकेत कॉलेजच्या मुली पाच जणींनी पूर्ण कोर्टवर खेळू लागल्या त्या १९७१ पासून. १९७१! आयोवा राज्यातल्या शाळांत तर सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालला, ओक्लाहोमात १९९५ पर्यंत.

आयोवाचं नाव निघालंय तर एक सांगूनच टाकते. तिथल्या शाळांच्या संघटनेने १९२५ मध्ये मुलींच्या स्पर्धांमधून अंग काढून घेतलं, तर खेड्यांतल्या शाळांनी उठून मुलींसाठी स्वतःची वेगळी संघटना काढली. मोठ्या शहरांनी सोडलं ते खेड्यांनी धरलं. त्याच आयोवात १९६८ च्या राज्य स्पर्धेत डेनिस लाँग नावाच्या शाळकरी मुलीने एका सामन्यात १११ गुण केले. एकटीने! त्या वर्षीचा अंतिम सामना ११३-१०७ असा जादा वेळेत सुटला. अर्ध्या कोर्टवर बांधून ठेवलेल्या मुली हे करत होत्या.

तर मूळ मुद्द्यावर येते. १९२३ मध्ये अमेरिकेत हौशी खेळांच्या महासंघाचा महिला विभाग स्थापन झाला, लू हेन्री हूवर यांच्या पुढाकाराने. त्यांचे पती पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. या महिला विभागाचं म्हणणं होतं की प्रत्येक मुलीला खेळ मिळाला पाहिजे. ऐकायला किती छान! आपल्यापैकी कोण याला नाही म्हणेल? पण त्याच्या जोडीला दुसरं म्हणणं होतं, की निवडक मुलींचे संघ करून त्यांना दुसऱ्या शाळा-कॉलेजांशी लढवू नका. प्रेक्षक नकोत, तिकिटं नकोत, प्रवास नको, चषक नको. एकत्र जमा, मिसळून संघ करा, खेळा, सरबत प्या आणि घरी जा. ही भूमिका शारीरिक शिक्षणातल्या शिकल्यासवरल्या बायकांची होती आणि मुलींचं शोषण होऊ नये ही त्यांची कळकळ खरी होती. त्या कळकळीच्या आधाराने एकेका कॉलेजाने आपले संघ बंद केले. डेल्टा स्टेट त्यांतलं एक.

मात्र हेही सांगायला हवं की दारं सगळीकडे बंद झाली नव्हती. कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजांनी, उदाहरणार्थ नॉर्थ कॅरोलायनातल्या बेनेट कॉलेजने, त्याच १९३० च्या दशकात जोरदार संघ उभे केले. फिलाडेल्फियात ऑरा वॉशिंग्टन खेळत होती, तिच्याशी सामना म्हणजे गावात जत्रा. 'मुलींना झेपत नाही' हे ज्यांच्याविषयी बोललं जात होतं त्यात शेतात राबणाऱ्या, धुणी-भांडी करणाऱ्या मुली धरलेल्याच नव्हत्या. त्यांना काय झेपतं याची काळजी कुणाला नव्हती.

मला या सगळ्याचा एवढा राग का येतो? मी शिकवत होते त्या एका शाळेत, नाव घेत नाही, मुलींचा बास्केटबॉल संघ होता. तालुका जिंकून जिल्ह्याला जायचा. मैदान आधी मुलांना आणि उरलेल्या उजेडात मुलींना, हे तर ठरलेलंच. संध्याकाळी मुली कडेला दप्तरांवर बसून राहायच्या, मुलांचा शेवटचा गेम संपायची वाट बघत, आणि मुलांचा शेवटचा गेम कधीच शेवटचा नसतो हे तुम्हाला माहीत आहे. तरी मुली यायच्या. मग एका वर्षी शिक्षकांच्या बैठकीत विषय निघाला. दहावीचं वर्ष आहे, पालकांना काळजी वाटते, अंधार पडतो, परतायला उशीर होतो. यंदा मुलींचा संघ नको, पुढच्या वर्षी बघू. सगळे काळजीने बोलत होते. वाईट कोणीच बोललं नाही. अंधार पडतो तर मुलींना आधी मैदान द्या, असं मी म्हटलं, तेव्हा बैठक पुढच्या विषयावर गेली होती. चेंडू कपाटात गेले, कपाटाची किल्ली ऑफिसात गेली. पुढच्या वर्षी कोणी काही बघितलं नाही. त्यातली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊन मला विचारायची, "बाई, आज किल्ली मिळेल का?" मिसिसिपीतल्या त्या मुली मला या मुलीमुळे कळल्या.

असो. मार्गारेट वेडने त्यानंतर काय केलं? टुपेलो गावच्या रेड विंग्ज नावाच्या निमव्यावसायिक संघात ती खेळली. गुडघा दुखावला आणि खेळणं संपलं. मग ती शाळेत शिकवायला लागली. आधी लहान गावांच्या शाळा, आणि मग १९३५ मध्ये क्लीव्हलँड हायस्कूल. जिथे तिचा संघ बंद झाला त्याच गावच्या शाळेत. तिथे ती १९५४ पर्यंत मुलींना बास्केटबॉल शिकवत राहिली.

माझं सगळं सांगणं खरं म्हणजे या एकोणीस वर्षांपाशी येऊन थांबतं. तिच्यावर लिहिलेले बहुतेक लेख वाचा, ही वर्षं एका वाक्यात उरकलेली असतात आणि लेखक धावत १९७३ कडे जातो. शाळेच्या प्रशिक्षक म्हणून तिचा लेखाजोखा काय? ४५३ विजय, ८९ पराभव, ६ बरोबरी. साडेपाचशेच्या आसपास सामने! त्या प्रत्येक सामन्यासाठी कोणीतरी मुलींना गोळा केलं असेल, आईवडिलांना समजावलं असेल, जायची-यायची सोय पाहिली असेल, कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधली असेल. हे काम या सभागृहातला प्रत्येक जण ओळखतो. आणि वरच्या बाजूला काय होतं? काही नाही. शाळेत उत्तम खेळणाऱ्या मुलीला पुढे जायला कॉलेजचा संघ नव्हता, शिष्यवृत्ती नव्हती, ऑलिंपिक नव्हतं. पुढे रस्ता नाही हे बाईंना स्वतःच्या अनुभवाने पुरतं माहीत होतं, तरी त्या दर वर्षी नवीन मुलींना लेअप आणि पासिंग शिकवत राहिल्या.

अशा त्या एकट्या नव्हत्या. ओक्लाहोमात बिंग नावाच्या खेड्यातल्या शाळेत बर्था टीग नावाच्या बाई होत्या. त्यांचे विजय ११५७ आणि पराभव ११५. विद्यापीठांनी ज्या खेळाकडे पाठ फिरवली तो या दोघींसारख्या शाळामास्तरणींनी जिवंत ठेवला. इतिहासात श्रेय मिळतं ते कायद्याला, विद्यापीठांना, टेलिव्हिजनला. माझं म्हणणं आहे की कायदा आला तेव्हा खेळ जाणणारं माणूस तयार होतं, आणि ते या शाळांनी तयार ठेवलं होतं.

१९५४ नंतर बाईंनी प्रशिक्षण सोडलं. १९५९ मध्ये त्या डेल्टा स्टेटमध्ये परत आल्या, शारीरिक शिक्षण विभागात शिकवायला. कॉलेज तेच, आणि मुलींचा संघ अजूनही नव्हता. चौदा वर्षं त्यांनी तिथे काढली.

जून १९७२ मध्ये अमेरिकेत तो प्रसिद्ध कायदा झाला, टायटल नाइन. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही. त्याच्या मुख्य कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही, पण खेळाची मैदानं त्याने हलवून टाकली. पुढच्याच वर्षी डेल्टा स्टेटने मुलींचा संघ पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि अध्यक्ष ऑब्री ल्यूकस यांनी मार्गारेटबाईंना विचारलं, तुम्ही घ्याल का? बाई साठीच्या होत्या. आपल्याकडे या वयात निरोपसमारंभ होऊन शाल-श्रीफळ घरी आलेलं असतं. त्या हो म्हणाल्या.

आणि आली लुशिया हॅरिस! ही मुलगी मला बाईंइतकीच प्रिय आहे. डेल्टातल्याच मिंटर सिटीची, १९५५ च्या फेब्रुवारीतला जन्म. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच भागातून एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पळवून नेऊन ठार मारलं गेलं. अशा मुलुखात ती वाढली. अकरा भावंडांतली दहावी, आईवडील शेतावर राबणारे, ती स्वतः कापूस वेचणारी, घरामागे लावलेल्या रिंगवर भावंडांबरोबर खेळणारी. उंची सहा फूट तीन इंच. बाई ज्या शाळेत शिकवत होत्या ती त्या काळी फक्त गोऱ्यांची शाळा होती, हे विसरून चालणार नाही. लुशिया वीस वर्षं आधी जन्मली असती तर त्या शाळेत तिला पाऊल टाकता आलं नसतं. डेल्टा स्टेटनेसुद्धा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायला सुरुवात केली ती १९६७ मध्ये. १९७३ साली साठीची गोरी बाई आणि अठराची कृष्णवर्णीय मुलगी एका कोर्टवर आल्या, त्या दोघींच्याही वाटेत आधी काय काय आडवं आलं होतं बघा.

संघात लुशिया ही एकटीच कृष्णवर्णीय. आणि चेंडू पुढे नेणारी गार्ड होती डेबी ब्रॉक, उंची चार फूट अकरा इंच. आपल्या शाळांत उंची बघून मुली निवडतात ना, त्यांनी ही जोडी डोळ्यांपुढे ठेवावी. बुटकी मुलगी चेंडू घेऊन गर्दीतून वाट काढणार, रिंगखाली लुशिया पाय रोवून उभी, तिच्या हातात पास पोचला की गुण लागलाच. बाईंनी फार गुंतागुंत केली नाही. जे हाताशी आहे त्यातलं सर्वांत भक्कम काय ते ओळखलं आणि तेच घोटून घेतलं.

पहिलं वर्ष १६ विजय, २ पराभव. दुसऱ्या वर्षी २८ सामने, २८ विजय. त्या वेळी मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलवर पेनसिल्व्हेनियातल्या इमॅक्युलाटा कॉलेजचं राज्य होतं. १९७२, १९७३, १९७४ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं. १९७५ च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने त्यांना ९०-८१ ने हरवलं. दोन वर्षांपूर्वी जो संघ अस्तित्वातच नव्हता, तो देशात पहिला! १९७६ मध्ये पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, ६९-६४. १९७७ मध्ये लुइझियाना स्टेटवर ६८-५५. सलग तीन. मध्ये एकदा ओळीने ५१ सामने जिंकले. लुशियाच्या चार वर्षांत मिळून १०९ विजय आणि ६ पराभव. गावातली माणसं मुलांच्या सामन्यापेक्षा मुलींच्या सामन्याला जास्त गर्दी करू लागली. याच कॉलेजाने एकेकाळी मुलींना हे झेपत नाही म्हणून सांगितलं होतं.

१९७६ मध्ये माँट्रियलला महिलांचा बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. महिलांच्या ऑलिंपिक बास्केटबॉलमधले सगळ्यांत पहिले गुण लुशिया हॅरिसचे आहेत. अमेरिकेला रौप्य मिळालं. आणि १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने खेळाडू निवडताना सातव्या फेरीत, १३७ व्या क्रमांकावर लुशियाचं नाव घेतलं. ती गेली नाही. तेव्हा तिला दिवस गेले होते, आणि मुलींच्या खेळात आपण कोण आहोत हे तिला नीट कळत होतं.

मार्गारेटबाई १९७९ मध्ये निवृत्त झाल्या. डेल्टा स्टेटमधले त्यांचे विजय १५७, पराभव २३. १९७८ पासून अमेरिकेतल्या सर्वोत्तम महिला कॉलेज खेळाडूला त्यांच्या नावाचा चषक देतात. १९८५ मध्ये स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, पहिल्यांदा स्त्रियांना स्थान मिळालं, तीन जणींना. कोण त्या तिघी? सेंडा बेरेन्सन, बर्था टीग आणि मार्गारेट वेड. कोर्टचे तीन तुकडे करणाऱ्या बाई आणि त्या विचारापायी शेवटचं वर्ष गमावलेल्या बाई, एकाच वर्षी, शेजारी शेजारी. मला त्यात काही विपरीत वाटत नाही. दोघींनी मुलींना खेळवलं.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली म्हणतात. माझे तीन मुद्दे अजून व्हायचे आहेत, तेव्हा आता भराभर घेते.

पहिला मुद्दा. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांमध्ये दहातल्या नऊहून जास्त स्त्रिया होत्या. पगार नसायचा किंवा नावाला असायचा, पण काम त्याच करायच्या. कायदा आला, पैसा आला, पद मानाचं झालं, आणि आज सगळे खेळ मिळून पाहिलं तर हा आकडा निम्म्याच्याही खाली आहे. मुलींची संख्या कितीतरी पटींनी वाढली आणि शिकवणाऱ्या बायका मागे पडल्या. फुकटात होतं तोवर ते बाईचं काम होतं. पगार लागला तेव्हा निवडसमितीला अचानक अनुभवी पुरुष दिसू लागले. पुरुष प्रशिक्षकांशी माझं भांडण नाही, त्यातले कितीतरी उत्तम आहेत आणि काही समोर बसले आहेत. माझं भांडण निवडीच्या पद्धतीशी आहे. आपल्याकडे मुलींच्या खेळात आता बक्षिसं येताहेत, नोकऱ्या येताहेत, प्रायोजक येताहेत. आपल्या पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या संघाचं नेतृत्व केलं आहे, तिला बघून मुली कोर्टवर येताहेत. तर जिल्हा आणि राज्य संघांच्या नेमणुका करताना मुलींच्या संघाबरोबर 'व्यवस्थापिका' म्हणून एक बाई पाठवायची, तिने फक्त मुलींच्या खोलीचं कुलूप बघायचं, आणि प्रशिक्षक म्हणून दुसरं कोणी, हे थांबवायला पाहिजे. बाईला पाठवताय तर शिकवायला पाठवा. ज्या बाईने गल्लीतून मुली गोळा करून संघ उभा केला, तिचं नाव जिल्ह्याच्या यादीतून का गळतं, याचं उत्तर समितीने लेखी द्यावं.

दुसरा मुद्दा, खेळून झाल्यावर काय? लुशियाचंच बघा. कॉलेजात २९८१ गुण, ऑलिंपिक पदक, आणि पुढे? अमेरिकेतल्या स्त्रियांची आजची व्यावसायिक लीग सुरू झाली १९९७ मध्ये, तिचा काळ संपून दीड-दोन दशकं उलटल्यावर. ती एका अल्पायुषी लीगमध्ये एक हंगाम खेळली, टेक्सास सदर्न विद्यापीठात दोन वर्षं मुख्य प्रशिक्षक होती, मग मिसिसिपीत परत येऊन शाळांत शिकवत राहिली. मानसिक आजाराशी झगडली. १९९२ मध्ये ती हॉल ऑफ फेममध्ये गेली, तिथे पोचलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. २०२२ च्या जानेवारीत ती गेली, आणि दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या छोट्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, तेव्हा कुठे तिच्या देशाला तिची नीट ओळख झाली. आपल्या राज्याकडून खेळलेल्या किती मुली आज प्रशिक्षक आहेत? पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतल्या प्रशिक्षण पदविकेला आपल्या जिल्ह्यातून शेवटची मुलगी कधी गेली? खेळणाऱ्या मुलीला पंचविशीतच हा रस्ता दाखवा. तिचा अर्ज भरायला बसा, फीची सोय करा, घरी जाऊन सासूबाईंशीही बोला, गरज पडली तर.

तिसरा मुद्दा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. ४५३-८९-६ हा आकडा मी तुम्हाला आज सांगू शकले, कारण कोणीतरी तो मांडून ठेवला. आपल्या शाळांतल्या मुलींच्या संघांचे आकडे कुठे आहेत? मुलांच्या संघांचे फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर असतात. मुलींचे बाईंच्या घरी, पेटीत. बाई निवृत्त झाल्या की तो संघ जणू कधी नव्हताच. मग दहा वर्षांनी कोणीतरी पुन्हा संघ सुरू करतं, स्थानिक बातमीत 'प्रथमच' असं छापून येतं, आणि आधी खेळलेल्या मुली ते वाचून गप्प बसतात.

म्हणून दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने तिच्यात आपल्या शाळेचं नाव, मुलींचा संघ कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत होता, शिकवत कोण होतं, आणि बंद पडला असेल तर कारण काय दिलं गेलं, एवढं लिहायचं. साल नक्की आठवत नसेल तर त्या संघातल्या एखाद्या मुलीला फोन करा, तिला आठवत असतं. पेन दोरीने बांधून ठेवलंय, ते नेऊ नका.